घुंगरं काढलेली आखाजी

आमच्या अंगणातला कडुनिंब चैत्रात मोहरानं भरतो आणि वैशाखात पोरींनी. यंदाही आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी पोरींनी त्याच्या आडव्या फांदीवर दोर टाकून झोका बांधला. दोर जुना, फांदी वाळकी, त्यामुळे प्रत्येक झोक्याला कर्रर्र आवाज. त्यावर पोरींची गाणी आणि कुणाचा झोका किती वेळ यावरून भांडणं. नंदुरबारात आम्ही राहतो ती एका ओळीतली बिऱ्हाडं आहेत. अंगण एक, विहीर एक, निंब एक, त्यामुळे एकाच्या घरात चमचा पडला तरी बाकीच्यांना तो कुणाचा ते कळतं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या ओळीतल्या वकिलीणबाई दारोदार येऊन गेल्या. त्यांचे सासरे आजारी आहेत. झोका तेवढा काढावा, गाणी यंदा नकोत, दुपारच्या वेळी वाटण-कांडण टाळावं, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. बाई भल्या आहेत. सगळ्यांनी लगेच हो म्हटलं, मीही मान डोलावली. पोरींनी तोंडं वाकडी करत दोर काढला आणि संध्याकाळपर्यंत अंगणात अशी शांतता पसरली की विहिरीतले पारवे ऐकू यायला लागले. आजोबांना स्वतःला काय हवंय ते कुणी विचारल्याचं मात्र ऐकिवात नाही.

मी घरात सांजोऱ्यांचा रवा भाजत होते. बाहेरची ती शांतता खिडकीतून आत आली आणि माझा हात थांबला. रवा खाली लागला. आमचे हे कचेरीतून आल्यावर म्हणाले, काहीतरी करपलंय. मी म्हटलं, हो, करपलंय. ही शांतता माझ्या ओळखीची होती. एका आखाजीला एका अख्ख्या गावानं ती माझ्यासाठी पाळली होती, आणि तेव्हा मी पंचविशीच्याही आत होते.

माझं माहेर नंदुरबारहून कोरीट गावाला जाणाऱ्या वाटेवरचं. गावाखालून एक ओढा जातो, तो पुढे तापीला मिळतो. आखाजीचा गलका काय असतो ते आमच्याकडे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. वर्षभर सासरी खाली मान घालून वावरणाऱ्या पोरी त्या चार दिवसांत माहेरी येतात आणि वर्षाचा आवाज एकदम काढतात. प्रत्येक निंबाला झोका, प्रत्येक झोक्यावर दोघी-तिघी, घराघरांत गौराईची गाणी. उखळात मिरच्या कांडणं चालू, त्यानं गल्लीभर शिंका. पुरुष पारावर पत्ते कुटत बसलेले, त्यांची आरडाओरड निराळी. कासार येतो, कुल्फीवाला येतो, ज्याचा त्याचा गळा मोकळा. त्या दिवसांत हळू बोलणारी बाई दिसली की लोक विचारत, हिला बरं नाही का?

त्या वर्षी फाल्गुनात माझा गोपाळ गेला. माझं सासर शहाद्याकडे, तापीच्या पलीकडे. ताप आला, उतरला, पुन्हा आला. आधी झाडपाला झाला, मग तालुक्याचे डॉक्टर झाले, मग काहीच उरलं नाही. दोन वर्षांचा होता. नुकता बोलायला लागला होता, आणि बैलाला, कावळ्याला, स्वतःच्या बापाला, सगळ्यांना 'हाव' म्हणत होता.

एवढ्या लहानग्याचं आमच्याकडे काही करत नाहीत. त्याला जाळत नाहीत, पुरतात. दिवस नाहीत, पिंड नाही. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, पण तीही पोराच्या नावानं भरत नाहीत. भेटायला आलेल्या बायका चार दिवस दारात गळा काढून रडल्या आणि आपापल्या घरी गेल्या. मी रडले नाही. सासूबाई म्हणाल्या, हिच्या छातीत धोंडा बसलाय, रडली तर बरं होईल. मला छातीत धोंडा वगैरे काही जाणवत नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. भाकरी थापत होते, पाणी आणत होते, गाईचं शेण काढत होते. चटका बसला तर हात मागे घेत होते, पण तोही हाताच्या सवयीनं. एक गोष्ट तेवढी होत नव्हती. त्याचं नाव माझ्या तोंडून निघत नव्हतं. ओठ जुळायचे आणि तिथेच थांबायचे.

आखाजीच्या आधी माझा धाकटा भाऊ दामू मला न्यायला आला. दामू म्हणजे तोंडाचा पट्टा सतत चालू. एरवी तो माझ्या सासरच्या शिवेवर पोचला की घरात कळायचं, कारण बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा त्याला जिवापाड आवडायच्या आणि तो बैलांना मुद्दाम दुडक्या चालीनं आणायचा. त्या दिवशी गाडी दारात येऊन उभी राहिली तरी मला पत्ता नव्हता. बैल मुके उभे होते.

तापी उतरून पलीकडे लागलो. पाणी घोट्याएवढं होतं आणि बैलांच्या पायांचा खळखळाट तेवढा होत होता. दामू पुढे पाहत बसलेला. तास उलटून गेला तरी तो एक शब्द बोलला नाही. शेवटी मीच विचारलं, "घुंगरं कथा गयात रे?"

"काढी ठेवात, अक्का," तो म्हणाला.

का काढली ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. रस्त्यात एका वळणावर गाडीला हिसका बसला, तेव्हा माझ्या पाठीमागच्या कडब्यातून बारीक छुमछुम आली. माळा फडक्यात गुंडाळून त्यानं कडब्याखाली ठेवल्या होत्या. दामूनं चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. मग पुढच्या प्रत्येक खड्ड्याशी तो बैलांना इतकं सांभाळून नेऊ लागला की घरी पोचायला उन्हं कलली. मला त्याच्याबद्दल माया वाटायला हवी होती. वाटली नाही. ऊन लागत होतं, एवढं समजत होतं.

गल्लीच्या तोंडाशी तुळसाकाकू उभ्या होत्या. आमच्या शेजारच्या, गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाच्या घरी मयत, काकूंनी पदर खोचला की बाकीच्यांना काही बघावं लागत नसे. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मागे वळून झोक्यावरच्या पोरींना दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू वं पोरीस्वन. जिजी उनी शे."

जिजी आली आहे, आणि जिजी म्हणजे मी. त्या दबक्या आवाजानं गल्ली जी बसली ती आखाजी सरेपर्यंत उठली नाही.

काकूंची व्यवस्था चोख होती, हे आज मान्य करायला हवं. मिरच्यांची उखळं गल्लीतून उचलून मारुतीच्या देवळामागे नेली. विहिरीचा रहाट वर्षानुवर्षं कुरकुरत होता, त्याला काकूंनी आपल्या घरचं तेल घातलं. पारावरचे पत्तेवाले मळ्यात गेले. कासार गल्लीत शिरला की कुणीतरी आधीच त्याच्या कानाला लागायचं, आणि तो बिचारा 'बांगड्या घ्या' असं शेजारच्याला गुपित सांगावं तसं म्हणत पुढे सरकायचा. माझ्या माहेरच्या घरासमोरच्या निंबाचा झोका तर कुणी बांधलाच नव्हता. फांदीला गेल्या सालच्या दोराचे वळ तेवढे होते.

गौराईचं पाणी आणायला पोरी वाजतगाजत जातात. त्या वर्षी आमच्या दारावरून त्या गेल्या तेव्हा ओटीवर बसून मी पाहत होते. लहान-थोर मिळून एवढा घोळका, डोक्यावर तांबे, अंगावर नवी लुगडी, आणि सगळ्यांचे ओठ हलताहेत. गाणं म्हणत होत्या, पण आवाज न काढता. एक अगदी चिमुरडी मध्येच विसरून मोठ्यानं गायला लागली, तर तिच्या बहिणीनं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. घर ओलांडून कोपऱ्यावर गेल्यावर मग त्यांचा आवाज फुटला, एकदम, धरण फुटावं तसा. मला वाटतं, एरवी मी हसून लोळले असते.

शिंका मात्र त्यांना आवरता आल्या नाहीत. मारुतीच्या देवळामागून मिरचीचा खकाणा वाऱ्यावर यायचा आणि गल्लीतला एकेक माणूस नाकावर फडकं दाबून फुसफुस शिंकायचा. आणि आगगाडी. लांब, शेतांच्या पलीकडून जाणारी ती गाडी तेवढी तुळसाकाकूंच्या ऐकण्यातली नव्हती. ती आली की शिट्टी घालून जायची. मी दिवसभर ओटीवर बसून त्या शिट्टीची वाट पाहायची. कशासाठी ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

आज मी या सगळ्याचा विचार करते तेव्हा रागावू कुणावर ते समजत नाही. ती माणसं शिकलेली नव्हती, पण दुसऱ्याचं दुःख आपल्या आवाजाखाली चिरडू नये एवढं त्यांना कुणी न शिकवता येत होतं. आता आमच्या ओळीच्या पलीकडे लग्न असलं की झाडाला कर्णा टांगतात आणि तीन दिवस सबंध पेठेला आपल्या आनंदात ओढतात. कुणी आजारी आहे, कुणाची परीक्षा आहे, याची फिकीर नाही. त्या कर्ण्याखाली बसून माझं डोकं उठतं तेव्हा मला तेल घातलेला तो रहाट आठवतो. तशी माणसं आता शोधूनही मिळायची नाहीत, असंही मनात येतं. पण त्या रहाटाजवळ मी कशी उभी असायची तेही आठवतं. मी पाण्याला गेले की विहिरीवर चाललेलं बोलणं थांबायचं. बायका बाजूला होऊन मला आधी पाणी भरू द्यायच्या. घागर कुणीतरी डोक्यावर चढवून द्यायचं. मी वळले की मागे पुन्हा कुजबुज सुरू व्हायची. बोलणं थांबल्याचा आणि सुरू झाल्याचा, एवढेच दोन आवाज मला त्या दिवसांत भरपूर ऐकू आले.

आणि नाव. मूळ दुखणं ते होतं.

आमच्याकडे बाई आई झाली की तिचं नाव मागे पडतं. लेकराच्या नावानं तिला हाक मारतात. आता मला सगळे शांताची आई म्हणतात, शांता माझी नंतरची. त्याच्या आदल्या आखाजीला गोपाळला काखेत घेऊन आले होते तेव्हा सबंध गावाला मी 'गोपानी माय', गोपाची आई, झाले होते. लहानपणापासून जिजे-जिजे करणाऱ्या मैत्रिणीसुद्धा जरा चेष्टेनं, जरा कौतुकानं तसंच म्हणत होत्या. त्या वर्षी मी पुन्हा जिजी झाले. कुणी अक्का म्हणे, कुणी बाई. माझी माय तर काहीच म्हणत नसे, नुसती जवळ येऊन उभी राही. एक म्हातारे आजोबा होते, गेल्या साली गोपाळला खांद्यावर घेऊन गावभर फिरवायचे, ते मला पाहून थबकले आणि तापीला पाणी किती आहे ते विचारू लागले.

समोरच्या घरात तीन वर्षांचा एक पोरगा होता. त्याचंही नाव गोपाळ. या नावाचे गावात दोन-तीन तरी होतेच. त्याची आई मी आल्यापासून त्याला बाळ्या म्हणायला लागली होती. कुणी सांगितलं होतं की तिचं तिलाच सुचलं, कोण जाणे. ती ओट्यावर उभी राहून हळू आवाजात बोलवायची, "बाळ्या, जेवाले ये." पोरगा मातीत खेळत असायचा. बाळ्या कोण हे त्याला माहीतच नव्हतं, तेव्हा तो मान वर करत नसे. ती पुन्हा म्हणायची. मग माझ्याकडे चोरून बघायची, पायऱ्या उतरायची, आणि त्याला दंडाला धरून आत न्यायची. दिवसातून कितीदा तरी मी हे ओटीवरून पाहिलं असेल. मी तिला म्हणू शकले असते, मार गं त्याला हाक. तेवढं म्हणायला मला ते नाव घ्यावं लागलं नसतं. पण मी बोलले नाही. मी बघत होते आणि मला वाटत होतं की ही माणसं अशीच माझी काळजी घेत राहिली तर वर्षभरात या जगात कुणी गोपाळ होता हेच पुसलं जाईल. त्याच्या नावाची घागर नाही, दिवस नाही, हाकही नाही. आणि मला स्वतःला ते नाव उच्चारता येत नव्हतं, म्हणजे ते राखायला मीही उपयोगाची नव्हते. त्या दिवसांत मला भीती म्हणून वाटली असेल तर ती एवढीच. बाकी सगळं बधिर होतं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बायका ओढ्यावर बार खेळतात. वैशाखात ओढ्याला पाणी नावापुरतं, मधोमध दोन-चार डबकी, बाकी वाळू आणि गोटे. अलीकडे आमच्या गावच्या बायका उभ्या राहतात, पलीकडे गुजर मंडळींच्या गावच्या. त्यांचं गाव केळीचं आणि कापसाचं, आमच्यापेक्षा सुखवस्तू, म्हणून शिव्या द्यायला आम्हाला विषय भरपूर. कारण बार म्हणजे शिव्याच. वर्षातला तेवढा एक दिवस बायकांनी उघड्यावर, गळा काढून, वाटेल ते बोलावं आणि कुणी तोंडावर हात ठेवू नये, अशी मुभा. सासू, नवरा, नवऱ्याचं नाक, म्हैस, स्वयंपाक, चालणं, कशालाही सूट नाही. संध्याकाळी दोन्हीकडच्या बायका घसा बसून, हसून हसून पोट धरून घरी जातात.

पण या गलक्यालाही रीत होती. जिला शिवी द्यायची तिला आधी नावानं हाक मारायची, मग शिवी. ती उत्तर देताना तसंच करणार. आणि जिच्या घरी वर्षाच्या आत दुःख झालं असेल तिला वगळायचं. ती आलीच तर मागे बसते, तिचं नाव दोन्ही काठांवर कुणी घेत नाही.

प्रत्येकीची पलीकडे एक ठरलेली जोडीदारीण असायची. माझी रेवा. गुजरांची पोर, उंच, पुढचे दात जरा बाहेर आलेले, आवाज असा की आमच्या गावातली कुत्री उठून बसायची. आम्ही परकर नेसत होतो तेव्हापासून ओढ्यावर एकमेकींना शिव्या देत आलो. एरवी आमचं बोलणं झालेलं मला आठवत नाही. ती माझ्या घरी कधी आली नाही, मी तिच्या घरी गेले नाही. लग्न होऊन ती खापर गावाकडे गेली, मी शहाद्याकडे. वर्षातून एकदा ओढ्यावर भेटायचं, तेही ओढा मध्ये ठेवून. गेल्या साली तिनं गोपाळला माझ्या काखेत बघितलं होतं आणि हा तुझ्यासारखा चपट्या नाकाचा निघाला, असं दोन्ही गावांना ओरडून सांगितलं होतं.

मी जाणार नव्हते. मायनंच नेलं. घरात एकटीला ठेववेना म्हणून असेल. तुळसाकाकूंनी मला एका करंजाच्या सावलीत, सगळ्यांच्या मागे, गोट्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. बार सुरू झाला. पण त्यातही माझ्यामुळे दम नव्हता. आमच्याकडच्या बायका ओरडायच्या आणि मध्येच मागे वळून माझ्याकडे बघून आवाज कमी करायच्या. पलीकडच्यांनाही बातमी होती, त्याही जपून. शिव्या मोजून-मापून चालल्या होत्या. आपण असल्यानं सगळ्यांचा विरस होतोय हे मला दिसत होतं. उठून जावं असं वाटलं नाही आणि बसावं असंही वाटलं नाही. पाय वाळूत होते आणि वाळू तापलेली होती.

रेवा उशिरा आली. खापरहून निघायला वेळ झाला असेल. पलीकडच्या घोळक्यातून वाट काढत ती पुढे आली, कपाळावर हात धरून तिनं आमच्या काठाकडे पाहिलं, आणि तिला मी दिसले. ती पाण्याच्या अगदी कडेपर्यंत आली.

"ए गोपानी माय!"

मी वर पाहिलं.

"ए गोपानी माय, तोंड सासरले इसरी उनी का?"

तुळसाकाकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. हिला बातमी कळलेली नाही असंच सगळ्यांना वाटलं. पलीकडची एक बाई धावत तिच्याजवळ गेली, तिचा पदर ओढून काहीतरी सांगू लागली. ओढा एवढा शांत झाला होता की ती कुजबुज आमच्यापर्यंत आली. "चूप ऱ्हाय, रेवा. तिन्हा पोऱ्या गया."

रेवानं पदर सोडवून घेतला. ती त्या बाईकडे वळली नाही. माझ्याकडेच बघत, त्याच आवाजात, दोन्ही गावांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माले ठाऊक शे. म्हनीसन ती काय गोपानी माय नई ऱ्हायनी का?"

मायनं तोंडाला पदर लावला होता. मला आठवतं ते असं की माझे कान दुखले. खूप दिवस बांधून ठेवलेला हात सोडल्यावर दुखतो तसे. गोपा. त्या नावाला आवाज होता. उन्हात, वाळूवर, एवढ्या बायकांच्या देखत ते कुणीतरी मोठ्यानं म्हटलं होतं आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

काकूंच्या हातातून मी मनगट सोडवलं. उठले. बायका बाजूला झाल्या, विहिरीवर व्हायच्या तशाच, पण या वेळी मी कुणाकडे पाहिलं नाही. पाण्याच्या कडेला आले तेव्हा आमच्या दोघींमध्ये एक डबकं आणि थोडी वाळू होती. इतक्या जवळून मी रेवाला कधी पाहिलं नव्हतं. ती रडत नव्हती. तिनं कमरेवर हात ठेवले होते आणि हनुवटी पुढे काढली होती, दरवर्षीसारखी, भांडायला.

"शे," मी म्हटलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. मग फुटला. "गोपानीच माय शे मी. आते आइक."

आणि मी तिला शिव्या दिल्या. तिचे दात काढले, तिच्या नवऱ्याचं पोट काढलं, तिच्या बापाच्या केळी काढल्या, खापरच्या बाजारातून तिनं आणलेलं लुगडं काढलं. आवाज चिरका येत होता आणि शिव्याही धड जुळत नव्हत्या. एरवी कुणी हसलं असतं. मागे कुणी हसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं नाही. ते पुढे कधीतरी आलं, घरी, भांडी घासताना. पण घसा खरवडून निघत होता आणि तो दुखतोय हे मला कळत होतं.

माझी शिवी संपली की रेवा एक पाऊल पुढे टाकायची आणि उत्तर द्यायची. तिची उत्तरं काय होती ते आज मला एकही आठवत नाही. मी ती ऐकतच नव्हते. रीतीप्रमाणे ती आधी हाक मारत होती, प्रत्येक वेळी, न चुकता, गोपानी माय, ए गोपानी माय, आणि तेवढं ऐकू येण्यासाठी मी ऊन उतरेपर्यंत तिला शिव्या देत राहिले.